न उमटणारी निळी रेघ

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी भरलेल्या आंतरशालेय प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विज्ञान विभाग पाहून झाल्यावर आयोजकांनी चित्रविभागातही बसण्याची विनंती केली. विषय होता, 'मनातल्या चित्रकथेचे मुखपृष्ठ'. नववीतील एका मुलीने खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुडीचे मुखपृष्ठ केले होते. पाणबुडी पेन्सिलीने आखून शाईने गिरवलेली, मागचा समुद्र वेगळ्या कागदावर जलरंगात रंगवलेला. दोन्हींचे फोटो काढून तिने ते शाळेच्या संगणकावर एकत्र जोडले होते, पाणबुडीत रंग तेथेच भरले होते आणि शेवटी सगळे छापून आणले होते.

स्पर्धेच्या नियमांत 'चित्र मूळ व स्वहस्ते काढलेले असावे' असे एक वाक्य होते. आमच्यापैकी एकाने तिला विचारले, "यातले मूळ चित्र कोणते?" तिने दप्तरातून दोन कागद काढले, आमच्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "सर, मूळ एका जागी नाहीये." आम्ही आपसात चर्चा केली आणि ते चित्र स्पर्धेबाहेर ठेवले. माझे मतही तेच होते.

घरी आल्यावर मात्र तिचे वाक्य मनातून जाईना. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला 'मूळ नोंद' या शब्दांविषयी जरा जास्तच आस्था असते. मग चित्रकथांची मुखपृष्ठे प्रत्यक्षात कशी तयार होत आली, हे वाचायला घेतले. जे हाती लागले ते शिक्षकमित्रांपुढे ठेवतो आहे. आमचा निर्णय बरोबर होता की चूक, ते वाचकांनी शेवटी ठरवावे.

कॅमेऱ्याला न दिसणारा रंग

चित्रकथांचा मोठा धंदा उभा राहिला तो अमेरिकेत. जून १९३८ ही तारीख असलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर सुपरमॅनने मोटार डोक्यावर उचलून धरलेली आहे. या अंकाची किंमत तेव्हा दहा सेंट होती. त्याची एक चांगली राहिलेली प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरना विकली गेली. पण ही किंमत छापील प्रतीची. ज्या कागदावरून ती छापली गेली तो कागद दिसायला अगदी वेगळा असे.

अमेरिकी मुखपृष्ठाचे मूळ चित्र बहुधा काळेपांढरेच असे आणि छापील आकारापेक्षा बरेच मोठे. १९६७-६८ च्या सुमारापर्यंत ते छापील आकाराच्या जवळजवळ दुप्पट काढत. पुढे दहा इंच रुंद व पंधरा इंच उंच हा आकार रूढ झाला. छापताना चित्र लहान केले की हाताची थरथर आणि बारीकसारीक चुकाही लहान होतात, असा त्यात हिशेब होता. एक चित्रकार पेन्सिलीने आखणी करी, अनेकदा दुसरा ती शाईने गिरवी, तिसरा अक्षरे लिही. मासिकाच्या नावाचा छापील तुकडा वर चिकटवला जाई, चुकलेल्या जागी पांढरा रंग लावला जाई. एखादा चेहरा संपादकाला पटला नाही तर नव्या चेहऱ्याचा तुकडा त्यावर डकवला जाई. म्हणजे 'मूळ' चित्रसुद्धा एका हाताचे नसे आणि एका कागदाचेही नसे.

या कागदांवर पुष्कळदा फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेघा दिसतात. छापील मुखपृष्ठावर त्यांचा मागमूस नसतो, कारण त्या खोडाव्याच लागत नसत. छपाईच्या ब्लॉकसाठी किंवा प्लेटसाठी चित्राचा फोटो ज्या फिल्मवर घेत, त्या फिल्मला निळा व हिरवा प्रकाश 'दिसे', लाल मात्र दिसत नसे. म्हणून तर ती फिल्म लाल दिव्याच्या उजेडात निर्धास्त हाताळता येई. आता विचार करा. पांढऱ्या कागदावरून सर्व रंगांचा प्रकाश परत येतो, त्यात निळाही असतो. फिकट निळ्या रेघेवरूनही निळा प्रकाश जवळजवळ तेवढाच परत येतो. फिल्मला कळतो तो मुख्यतः निळा. त्यामुळे कागद आणि रेघ यांत तिला फरकच कळत नाही. काळ्या शाईवरून काहीच परत येत नाही, ती स्वच्छ उमटते. उलट लाल रंग या फिल्मच्या लेखी काळाच. म्हणून चित्राचा एखादा भाग झाकायचा असला तर त्यावर लाल पारदर्शक पापुद्रा कापून लावीत. माणसाला त्याखालचे दिसे, फिल्मला दिसत नसे.

चित्रकाराच्या डोळ्याला दिसणारी आणि यंत्राच्या डोळ्याला न दिसणारी ही निळी रेघ लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

रंग कोणी भरले?

मूळ चित्र काळेपांढरे, मग रंग आले कोठून? जुन्या चित्रकथेचे पान भिंगाखाली धरले तर उत्तर दिसते. सुपरमॅनच्या गालाचा रंग हा खरे तर पिवळ्या आणि गुलाबीसर लाल ठिपक्यांची जाळी असते. हलका रंग म्हणजे पातळ शाई नव्हे. शाई तीच, ठिपके तेवढे बारीक. मधला पांढरा कागद आणि ठिपके यांची सरमिसळ डोळा करतो. अशा तयार ठिपक्यांची जाळी छपाईच्या प्लेटवर उतरवण्याची पद्धत बेंजामिन डे या अमेरिकी चित्रकार-मुद्रकाने १८७९ साली काढली, म्हणून ते ठिपके आजही 'बेन डे' या नावाने ओळखले जातात.

चित्रकथांसाठी पिवळा, मॅजेंटा हा गुलाबी झाकेचा लाल, सायन हा निळा आणि काळा अशा चार शाया वापरत. रंगीत शाई तीन, आणि प्रत्येकीच्या पायऱ्या चार : अजिबात नाही, २५ टक्के, ५० टक्के आणि पूर्ण. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर जरूर घ्यावे. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४. कित्येक दशके अमेरिकी चित्रकथांचे सारे विश्व, आकाश, आग, रक्त आणि परग्रहावरचे प्राणी, या ६४ रंगांत बसवलेले होते. मुखपृष्ठाला गुळगुळीत कागद मिळे, त्यामुळे ते आतल्या पानांपेक्षा उजळ दिसे.

रंग ठरवणारा कलाकार मूळ चित्राला हात लावत नसे. छापील आकाराच्या एका फोटोप्रतीवर तो पाण्यात विरघळणाऱ्या रंगांनी नमुना रंगवी आणि प्रत्येक भागावर सांकेतिक अक्षरे लिही : कोणती शाई, किती टक्के. हा नमुना मग रंगविभाजन करणाऱ्या कारखान्यात जाई. अमेरिकेत हे काम मोठ्या प्रमाणावर कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट या गावी चाले. तेथे बहुतेक कामगार स्त्रिया होत्या. तीन शाया आणि प्रत्येकीच्या तीन पायऱ्या म्हणजे एका पानाला नऊ पारदर्शक पत्रे. प्रत्येक पत्र्यावर नेमका तेवढाच भाग त्या ब्रशाने भरून काढीत. मग त्यांचे फोटो जाळीतून घेतले जात आणि प्लेट तयार होत. वाचकाने जो रंग पाहिला तो शेवटी या स्त्रियांच्या हातातून आलेला होता. चित्रकारांची नावे पुढे प्रसिद्ध झाली, या स्त्रियांची मात्र अंकात कोठे छापली गेली नाहीत.

ही पद्धत आपल्याकडेही अनोळखी नव्हती. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या काळच्या रंगीत शिळाछापात एका तैलचित्राचे रंग अनेक शिळांवर हातानेच वेगळे करावे लागत. घरोघरी लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींखाली रविवर्म्यांचे नाव राहिले. शिळेवर रंग वेगळा करणाऱ्या कारागिरांना कोणी ओळखत नाही. मुंबईतून १९६७ साली 'अमर चित्र कथा' सुरू झाली, तेव्हा खर्च आवाक्यात राहावा म्हणून सुरुवातीच्या अंकांत आतली पाने पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्याच रंगांत छापली जात. कथेतला माणूस कोणत्या रंगाचा दिसावा हे जमाखर्चही ठरवतो, असा याचा अर्थ.

कधी कधी शाईही ठरवते. मे १९६२ ची तारीख असलेल्या 'इन्क्रेडिबल हल्क'च्या पहिल्या अंकात तो राक्षसी नायक राखाडी होता. तीन रंगीत शायांच्या जाळीतून राखाडी साधायचा तर तिन्हींचा तोल अचूक लागतो. एक शाई किंचित जास्त झाली की राखाडी हिरवट, तांबूस किंवा निळसर होतो, आणि आपल्या डोळ्याला नेमका राखाडीतला फरक चटकन जाणवतो. हल्क पानापानावर वेगळा दिसू लागला. दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा करून टाकले आणि जगभर तो हिरवा म्हणूनच ओळखला गेला. हे एका अर्थाने मुद्रणातील अडचणीचे अपत्य आहे.

नाकारलेले मुखपृष्ठ

चित्रकार रंगीत मूळ चित्रच का काढीत नव्हते, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. काढीत, पण त्याचे काय होई याचा एक नमुना बेल्जियममध्ये सापडतो. टिनटिनचा जनक एर्जे याने १९३६ साली 'निळे कमळ' या पुस्तकासाठी शाई, जलरंग आणि गुआश हा अपारदर्शक रंग वापरून एक मुखपृष्ठ रंगवले : काळ्या पार्श्वभूमीवर प्रचंड लाल ड्रॅगन आणि मोठ्या कुंभात लपलेला टिनटिन. प्रकाशकाने ते नाकारले, कारण तेवढ्या रंगच्छटा छापणे फार महाग पडले असते. एर्जेने मग सोपे चित्र काढले, त्यात पार्श्वभूमी लाल आणि ड्रॅगन काळा. वाचकांना ठाऊक आहे ते हेच. प्रकाशकाच्या वारसांच्या सांगण्यानुसार नाकारलेले चित्र घरातल्या लहान मुलाला देण्यात आले आणि घडी घालून खणात पडून राहिले. घड्यांच्या खुणांसह ते २०२१ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये लिलावात सुमारे ३२ लाख युरोंना गेले. मुखपृष्ठ म्हणून मात्र त्याला यंत्राने नापास केले होते.

मिश्र तंत्र संगणकाने आणले, असाही एक समज आहे. तोही तपासून पाहावा. जॅक कर्बी हा अमेरिकी चित्रकार १९६४ पासून 'फँटॅस्टिक फोर'साठी मासिकांतील छायाचित्रे कापून, त्यांची चिकटचित्रे करून, त्यांवर आपली रेखाचित्रे डकवीत असे. अवकाशाची खोली रेघेने दाखवता येत नाही असे वाटले की तो कात्री हाती घेई. खरखरीत कागदावर ती छायाचित्रे करडी आणि मळकट छापली जात. कल्पना पुढे धावत होती आणि छपाई मागे पडत होती.

रेघ यंत्राची, रंग हाताचा

जानेवारी १९८४ मध्ये अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक बाजारात आला. त्याची स्मृती १२८ किलोबाइट, पडदा काळापांढरा, त्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके. त्याबरोबर मॅकपेंट नावाचा चित्र काढण्याचा प्रोग्रॅम होता. १९८५ साली माइक साएन्झ या चित्रकाराने या यंत्रावर, माऊस सरकवत, 'शॅटर' नावाची चित्रकथा काढली. लेखन पीटर गिलिस याचे होते. विक्रीसाठी निघालेल्या चित्रकथांत संगणकावर काढलेली ही पहिली समजली जाते.

ते काम किती जिकिरीचे होते हे आकड्यांवरून कळेल. मॅकपेंटचे एक पूर्ण पान ५७६ गुणिले ७२० ठिपक्यांचे, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. मधले काही नाही. आज दहा इंच गुणिले पंधरा इंचांचे मुखपृष्ठ इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने संगणकात घेतले तर ठिपके होतात ५ कोटी ४० लाख. म्हणजे 'शॅटर'च्या एका पानाच्या सुमारे १३० पट. शिवाय आता प्रत्येक ठिपक्याला रंग असतो.

यातली गंमत पुढेच आहे. हा संगणक रंग जाणत नव्हता. म्हणून छापून निघालेल्या काळ्यापांढऱ्या चित्रांना रंग मात्र जुन्याच पद्धतीने, हाताने दिले गेले. संगणकयुगाची ही पहिली चित्रकथा खरे म्हणजे मिश्र तंत्राची होती : रेघ यंत्राची, रंग हाताचा.

तीनच वर्षांत पारडे फिरले. कात्सुहिरो ओतोमो या जपानी चित्रकाराची 'अकिरा' ही काळीपांढरी महाकथा १९८८ पासून अमेरिकेत रंगीत निघू लागली. कॅलिफोर्नियातील स्टीव्ह ऑलिफ याने तिला संगणकावर रंग दिले. आता रेघ हाताची, रंग यंत्राचा. हीच वाटणी पुढे धंद्याची रीत झाली. ६४ रंगांची भिंत कोसळली आणि तिच्याबरोबर ब्रशाने पत्रे भरणाऱ्या स्त्रियांचे कामही संपले. तंत्राचा इतिहास सांगताना आपण पहिले वाक्य आवडीने सांगतो, दुसरे विसरतो.

थरांवर थर

फोटोशॉप हा प्रोग्रॅम आज मुलांनाही माहीत असतो. मिशिगन विद्यापीठातील थॉमस नॉल हा संशोधक विद्यार्थी आणि चित्रपटांतील दृश्यचमत्कारांचे काम करणारा त्याचा भाऊ जॉन यांनी तो लिहिला. अ‍ॅडोबी कंपनीने तो फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणला. मुखपृष्ठांच्या दृष्टीने मोठा बदल १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत झाला : चित्राचे थर वेगवेगळे ठेवता येऊ लागले. एका थरावर रेघ, दुसऱ्यावर रंग, तिसऱ्यावर छायाचित्र; एक बदलला तरी बाकीचे जसेच्या तसे. ब्रिजपोर्टच्या नऊ पारदर्शक पत्र्यांची आठवण व्हावी अशीच ही कल्पना आहे.

हाताकडून यंत्राकडे होणारा हा प्रवास एकाच माणसाच्या कामात पाहायचा तर डेव्ह मॅकीन या इंग्रज चित्रकाराकडे वळावे. 'सँडमन' ही मालिका १९८९ ते १९९६ या काळात ७५ अंक चालली आणि तिची सर्व मुखपृष्ठे मॅकीनची आहेत. सुरुवातीची त्याने अक्षरशः सुतारकाम करून बनवली. मध्ये रंगवलेले चित्र, बाजूला लाकडी फळ्यांचे खण, खणांत खऱ्या वस्तू मांडलेल्या. मग त्या सगळ्याचे छायाचित्र. छाया पडल्या त्या खऱ्या वस्तूंच्या, खऱ्या दिव्याच्या उजेडात. पुढे संगणक हाती आल्यावर तो रंगवलेले कागद, छायाचित्रे आणि पोत संगणकात एकमेकांवर रचू लागला. मालिका सलग पाहिली तर तुटक असे काही जाणवत नाही. आधी खोके आणि कॅमेरा जे काम करीत होते, ते नंतर थर करू लागले. रचना करणारी नजर तीच राहिली.

दुसरा इंग्रज चित्रकार ब्रायन बोलंड. बॅटमनची 'द किलिंग जोक' ही त्याने काढलेली कथा १९८८ सालची. तिच्यातल्या शाईच्या रेघांचा रेखीवपणा नावाजला गेला, पण रंग दुसऱ्या कलाकाराने दिले होते आणि बोलंडच्या मनात निराळेच होते. २००८ मध्ये नव्या आवृत्तीसाठी त्याने स्वतः संगणकावर ती पुन्हा रंगवली. रेघा त्याच, पण भडक पिवळ्या-केशरी प्रकाशातली दृश्ये आता थंड आणि करडी झाली. यातली मूळ कोणती? आधी छापलेली, की चित्रकाराच्या मनातली? वाचकांत आजही दोन पक्ष आहेत. बोलंड तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मुखपृष्ठे पूर्णपणे संगणकावरच काढू लागला. त्याच्या त्यानंतरच्या मुखपृष्ठांना हातात धरता येईल असा मूळ कागदच नाही.

मूळ कागद कोणाचा?

कागद नसणे हा एरवी मामुली मुद्दा वाटेल, पण मूळ चित्रांवरून या धंद्यात मोठे भांडण होऊन गेले आहे. अनेक वर्षे प्रकाशक ही चित्रे छपाईचा कच्चा माल समजत. काम झाले की ती गोदामात पडत, कोणाला भेट दिली जात, नाही तर नष्ट केली जात. मार्व्हल कंपनीसाठी हजारो पाने काढलेल्या जॅक कर्बीने ऐंशीच्या दशकात आपली चित्रे परत मागितली, तेव्हा प्रथम त्याला अवघी ८८ पाने देऊ केली गेली, आणि तीही लांबलचक अटींच्या कागदावर सही केली तरच. इतर चित्रकार त्याच्या बाजूने उभे राहिले. शेवटी १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पाने त्याला मिळाली. तोवर उरलेल्यांपैकी कित्येक कोठे गेली होती कोण जाणे.

या परत मिळालेल्या कागदांचे मोल केवळ पैशांत नाही. त्यांवर निळ्या रेघा आहेत, पांढऱ्या रंगाखाली झाकलेल्या चुका आहेत, समासात लिहिलेल्या सूचना आहेत. चित्र कसे घडले, कोणी कोठे मत बदलले, हे त्यांवरून कळते. वैज्ञानिकाच्या नोंदवहीत खाडाखोड असावी लागते; आम्ही ती खोडरबराने पुसू देत नाही, कारण विचाराचा माग त्यातच असतो. संगणकावर चूक मागे फिरवली की तिचा पुरावाही जातो. थर एकत्र करून टाकले की कोणता थर आधीचा हे कळत नाही. फाईलचा प्रकार जुना झाला की ती उघडणारे यंत्रच मिळत नाही. आम्लयुक्त स्वस्त कागदावरचे १९३८ सालचे चित्र पिवळे पडते, पण चष्मा लावून वाचता येते.

म्हणूनच की काय, आज अनेक चित्रकारांनी मधला मार्ग धरला आहे. आखणी संगणकाच्या पडद्यावर करायची, ती जाड कागदावर फिकट निळ्या रंगात छापून घ्यायची, तिच्यावर खऱ्या ब्रशाने शाई चढवायची आणि तो कागद पुन्हा संगणकात घेऊन रंग भरायचे. पाहा, निळी रेघ परत आली. संगणकात घेताना यंत्र प्रत्येक बिंदूची लाल, हिरवी आणि निळी अशी तीन मापे घेते. समजा कागदाची तिन्ही मापे २५० आहेत, आणि निळ्या रेघेची १६०, २१० आणि २५०. फक्त निळे माप ठेवले की रेघ आणि कागद एक होतात, शाई तेवढी उरते. लाल न जाणणाऱ्या जुन्या फिल्मचीच ही युक्ती. यंत्र बदलले, प्रकाशाचे नियम बदलले नाहीत. आणि चित्रकाराच्या हाती शेवटी एक कागद राहतो.

आता या गोष्टीत एक नवा भिडू आला आहे : शब्दांत वर्णन लिहिले की चित्र काढून देणारा प्रोग्रॅम. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने अशा चित्रांच्या एका चित्रकथेविषयी निर्णय दिला. कथेचा मजकूर आणि चित्रांची मांडणी लेखिकेची मानली, सुटी चित्रे मात्र मानली नाहीत, कारण ती माणसाने घडवलेली नव्हती. निर्णय पटो वा न पटो, त्यातला प्रश्न चांगला आहे. 'यंत्र वापरले का?' असे तेथे विचारलेले नाही. 'कोणता निर्णय माणसाने घेतला?' असे विचारलेले आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

पांढऱ्या कागदावर फिकट आकाशी पेन्सिलीने, जोर न देता, एक चित्र आखावे. त्यातल्या निवडक रेघा काळ्या शाईने गिरवाव्यात. मग निळ्या जिलेटिन कागदातून पाहावे : आखणी जवळजवळ नाहीशी होते. लाल जिलेटिनमधून पाहावे : तीच आखणी गडद होते. जुनी फिल्म, आजचा स्कॅनर आणि आपला डोळा या तिघांची तुलना या एका प्रयोगात होते. जोडीला रद्दीतले एखादे रंगीत मुखपृष्ठ आणि साधे भिंग ठेवावे. कोणत्या रंगात कोणते ठिपके आहेत याची यादी मुले आवडीने करतात.

आणि अशा प्रदर्शनांचे नियम लिहिताना आणखी एक करावे. 'चित्र स्वहस्ते काढलेले असावे' या वाक्याऐवजी 'चित्राबरोबर त्याच्या कच्च्या आखण्या, वापरलेले भाग आणि कोणी काय केले याची नोंद जोडावी' असे लिहावे. प्रयोगाच्या वहीकडून आपण अपेक्षा करतो तेवढीच ही आहे. संगणक वापरला की नाही हा प्रश्न मग दुय्यम ठरतो. ज्याने काम केले आहे त्याच्याजवळ माग असतो, आणि ज्याने आयते आणले आहे त्याच्याजवळ तो नसतो.

त्या मुलीजवळ तो माग होता. दप्तरात घडी न घालता, वहीच्या पुठ्ठ्यांमध्ये जपून आणलेले ते दोन कागद तिने आमच्यासमोर ठेवले होते. पाणबुडीच्या कागदावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. एक सुकाणू दोनदा खोडून पुन्हा काढलेले होते. आम्ही ते नीट पाहिले नाही, कारण आमच्यासमोर नियमाचा कागद होता. 'मूळ एका जागी नाहीये' हे तिचे वाक्य, आज एवढे वाचल्यावर वाटते, या सबंध इतिहासाचा बिनचूक सारांश होते. त्या दिवशी तिला गुण द्यायचे राहिले. पुढच्या मुलांच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.